तीस एकरांतलं गाव

नवोदयच्या प्रवेश परीक्षेत निम्मा पेपर आकृत्यांचा असायचा. चार चित्रांतलं वेगळं कोणतं, अर्धवट चौकोनात कोणता तुकडा बसेल, हीच आकृती आरशात कशी दिसेल. उरलेल्या पेपरात गणित आणि भाषा. सगळं मराठीतून. ज्याने कुणी हा पेपर आखला त्याला पक्कं ठाऊक होतं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला बसलेल्या पोराला इंग्रजी येणार नाही, त्याच्या घरात पुस्तकं नसतील, पण आरशातला त्रिकोण त्याला कळेल. परीक्षा जन्मात एकदाच, पाचवीत असतानाच देता येते. जिल्ह्यातून हजारोंनी पोरं बसायची आणि यादीत जास्तीत जास्त ऐंशी नावं लागायची. त्यांत किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण भागातली, एक तृतीयांश मुली. आमच्याकडे निकाल शाळेच्या पत्त्यावर यायचा आणि मग गुरुजी चपला पायात सरकवून थेट घर गाठायचे. माझ्या वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पैसे किती भरायचे?’ काहीच भरायचे नाहीत म्हटल्यावर त्यांना संशय आला. राहणं, खाणं, कपडे, वह्या, अंगाचा साबणसुद्धा सरकार देणार, तेही सात वर्षं, यात काहीतरी गोम असणारच, असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.

1990 नंतर सहावीत गेलेली आमची पिढी आता पंचेचाळिशीला आली आहे. पहिल्या बॅचा पन्नाशीत पोचल्या. थंडी पडली की माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, स्टेजवर बॅचनुसार फोटो होतात, आणि गप्पांचे विषय ठरलेले असतात: पहाटेची पीटी, मेसमधली डाळ, कुणी कुणाचा मार खाल्ला. मीही या गप्पा मारतो, पोट धरून हसतो. पण इतक्या वर्षांनी मागे बघताना मला एक गोष्ट खटकते आणि मेळाव्यात ती कुणी काढत नाही. ही शाळा जिल्ह्याची म्हणून काढली होती, जिल्ह्यातल्या हुशार पोरांसाठी, जिल्ह्याच्या भल्यासाठी. आणि तिने आम्हाला सगळ्यात चांगलं काही शिकवलं असेल, तर ते जिल्हा सोडून जाणं.

थोडा इतिहास सांगायला हवा. 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून देशात दोन नवोदय विद्यालयं उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. पाठोपाठ 1986 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असं ठरलं. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः डून स्कूलचे विद्यार्थी, त्यामुळे ‘गरिबांचं डून’ हे नाव पडायला वेळ लागला नाही. पण योजनेमागचं डोकं मोठ्या प्रमाणात नरसिंह रावांचं. आंध्रचे मुख्यमंत्री असताना 1971 मध्ये त्यांनी सर्वेल गावात निवासी शाळा काढली होती, तो अनुभव गाठीशी होता. मनुष्यबळ विकास खातं हाती आलं तेव्हा ते रामटेकचे खासदार होते. (हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारा हा माणूस. रामटेकच्या सभेत त्यांचं मराठी ऐकलेली माणसं विदर्भात अजून भेटतात.) टीकाही तेव्हाच झाली. हजारो गावांतल्या शाळांना छप्पर नाही आणि तुम्ही मूठभरांना गाद्या देताय, असं म्हणणारे चुकत नव्हते. त्याच धोरणात बाकीच्या शाळांसाठी ‘खडू-फळा मोहीम’ होती. सगळ्यांना फळा आणि निवडकांना गादी. आम्ही गादीवाले.

राज्य सरकारने तीस एकर जमीन फुकट द्यायची आणि केंद्राने शाळा बांधायची, असा करार. जमीन बहुतेक ठिकाणी गावापासून लांब, माळावर मिळाली, कारण चांगली जमीन कोण देतो? इमारती उठेपर्यंत पहिल्या बॅचा कुठे रिकाम्या वसतिगृहात, कुठे जुन्या सरकारी इमारतीत राहिल्या. आम्ही गेलो तेव्हा पक्की इमारत झाली होती, झाडं मात्र गुडघ्याएवढी होती. आता त्याच झाडांखाली मेळाव्याचा मांडव पडतो.

गावातून त्या माळावर गेलेल्या पोराची पहिली ओळख वेळेशी व्हायची. घरी दिवस उजाडायचा आणि मावळायचा. इथे दिवसाला घंटा होत्या. साडेपाचला उठायची, मग पीटीची, मग नाश्त्याची, प्रार्थनेची, तासांची, जेवणाची, खेळाची, संध्याकाळच्या अभ्यासाची, रात्रीच्या रोल कॉलची. एखादी घंटा चुकली की एमओडी, म्हणजे त्या दिवशी ड्युटीवर असलेले सर, दारात. आमच्या बॅचमधली अर्धी माणसं आजही अलार्म न लावता साडेपाचला उठतात आणि उठल्यावर काय करायचं ते न कळून चहा करत बसतात. याला शिस्त म्हणायचं की सवय, यावर आमच्यात एकमत नाही. एकीच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की ही बाई घरातसुद्धा जेवताना ताट घेऊन रांगेत उभी असल्यासारखी दिसते.

मग हाउस. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. डोंगर चार आणि आमच्या जिल्ह्यातल्या कुणीही यांतला एकही पाहिलेला नव्हता. सह्याद्रीची रांग डॉर्मिटरीच्या खिडकीतून दिसायची, पण तिच्या नावाचं हाउस नव्हतं. दिल्लीने नावं ठेवली, आम्ही घेतली, आणि ‘निलगिरीची पोरं भांडखोर’ यासारखी मतं इतकी पक्की झाली की पुढे उटीला गेल्यावर मला उगाच जपून वागावंसं वाटलं.

हाउसने एक मोठं काम गुपचूप केलं. गावात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, आणि आडनाव कळलं की तुमची जागा ठरली. डॉर्ममध्ये आडनाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे पहिल्या नावाने, नाहीतर टोपणनावाने. वरच्या बंकवर कोण झोपतो आणि खालच्या बंकवर कोण, हे गादीवर पहिलं कोण पोचलं त्यावर ठरे. माझ्या खालच्या बंकवरच्या मित्राच्या घरी मी पहिल्यांदा सुट्टीत गेलो, तेव्हा त्याच्या आजीने मला ओसरीवर बसवलं, आडनाव विचारलं आणि पाणी आणायला नातवाऐवजी गड्याला पाठवलं. मित्र आत गेला, स्वतःचं ताट घेऊन बाहेर आला आणि माझ्याशेजारी ओसरीवर बसून जेवला. आम्ही तेव्हा आठवीत होतो. तो काहीही बोलला नाही आणि मीही नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे हे आम्हाला सुचलंच नाही. शाळेत जसे बसायचो तसे बसलो.

जात शाळेत नव्हतीच, असं मेळाव्यात छातीठोकपणे सांगणारे मित्र बहुधा ठरावीक आडनावांचे असतात. बाकीच्यांना आठवतं, की प्रवेशयादीत कुणाच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते पोरांना माहीत असे, आणि भांडण हातघाईवर आलं की ते तोंडातून बाहेरही पडे. पण गावापेक्षा ते किती कमी होतं, हे त्यांनीच मला सांगितलं आहे. एकाचे शब्द जवळजवळ असे होते: ‘सात वर्षं मला पाणी प्यायच्या आधी विचार करावा लागला नाही.’

इथे आपल्याकडच्या जुन्या बोर्डिंगांची आठवण होणं साहजिक आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं काढली ती जातवार होती. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळात शिक्षणाचा दरवाजा तसाच उघडत होता. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये सगळ्या जातींच्या पोरांचं एकच बोर्डिंग केलं आणि त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. तिथली पोरं स्वतः भाकऱ्या थापत, भांडी घासत, शेतात आणि बांधकामावर राबत. धान्य गावोगाव फिरून गोळा व्हायचं, आणि कोठार रिकामं झालं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणीच ऐकायला मिळते.

भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेतल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी मी आवडीने वाचतो आणि दर वेळी मनातल्या मनात तुलना होते. आमच्याकडून कुणी काम मागितलं नाही. आठवड्यातून एकदा श्रमदान असायचं, आम्ही व्हरांड्यातली पानं गोळा करायचो आणि घंटा झाली की टाकून पळायचो. भाकरी कोण थापतो, पीठ कुठून येतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याहून मोठा फरक पुढचा आहे. रयतच्या बोर्डिंगातला पोरगा शिकला की भाऊराव अण्णा त्याला एखाद्या गावात पाठवत, जा आणि शाळा काढ म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी व्हॉलंटरी शाळा अशा उभ्या राहिल्या. त्या पोराला माघारी जाण्याचा रस्ता आखून दिलेला होता. आम्हाला बारावीनंतर बसमध्ये बसवून दिलं. धोरणात शब्द मोठे होते. नवोदयने आसपासच्या शाळांना पुढे खेचायचं होतं, दिशा दाखवायची होती. आमच्या कुंपणापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर गावची शाळा होती. त्या शाळेतल्या पोरांशी आमचा संबंध वर्षातून एकदा, कबड्डीच्या सामन्यात. त्यात ते जिंकायचे.

आता स्थलांतराबद्दल. नवोदयमध्ये न शिकलेल्या माणसाला हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. नववीतल्या साधारण तीस टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिथली तेवढी मुलं इकडे येतात. हिंदी पट्ट्यातून बाहेर, बाहेरून हिंदी पट्ट्यात. वय तेरा-चौदा. राष्ट्रीय एकात्मतेवर या देशात भाषणं पुष्कळ झाली, पण पोरांना उचलून एकमेकांच्या घरात ठेवायचं एवढी धिटाई दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत मला दिसलेली नाही. तमिळनाडूत आजही एकही नवोदय नाही, त्याचं एक मोठं कारण त्रिभाषा सूत्राला, म्हणजे हिंदीला असलेला तिथला विरोध. ते त्यांच्या जागी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उलथापालथ मात्र या स्थलांतरानेच केली.

आमच्या विद्यालयाची जोडी बिहारमधल्या एका विद्यालयाशी होती. आधी इच्छुकांची नावं मागवायचे, ती कमी पडली की चिठ्ठ्या. माझी चिठ्ठी निघाली. आईने देव पाण्यात ठेवले, वडिलांनी नकाशा मिळवला. एक सर, एक मॅडम आणि आम्ही पोरंपोरी, पत्र्याच्या पेट्या घेऊन भुसावळला गाडीत चढलो. इटारसी, जबलपूर, अलाहाबाद, मुगलसराय. मुगलसरायचं नाव 2018 मध्ये बदललं, पण आमच्यातलं कुणी ते नवं नाव वापरत नाही. त्या फलाटावर मध्यरात्री पेट्यांवर बसून रडलेल्या पोरांना ते मुगलसरायच आहे.

पहिला आठवडा वासाचा होता. मेसमध्ये सगळं मोहरीच्या तेलात. भाजी, डाळीची फोडणी, आमलेट, लोणचं. ते तेल तापलं की नाकात जाऊन डोळ्यांतून बाहेर येतं. तिथली पोरं तेच तेल अंगाला चोळून हापशावर आंघोळ करायची, त्यामुळे वास मेसमधून डॉर्ममध्ये आणि डॉर्ममधून वर्गात आमच्या पाठीमागे फिरायचा. आमच्यातले दोघे तीन दिवस नुसत्या गुळपोळीवर राहिले. भाकरी तर सोडाच, पोळीही रात्रीच; दुपारी भात. मेसमधल्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने हे पाहिलं. त्याने आम्हा मराठी पोरांची पहिली भाजी तेलाऐवजी डालड्यात केली आणि मग रोज थोडं थोडं मोहरीचं तेल वाढवत नेलं. महिन्याभराने त्याने आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही चोखा दुसऱ्यांदा मागत होतो. आज पुण्यात मी मोहरीच्या तेलाची बाटली शोधून आणतो, आणि घरातले खिडक्या उघडतात.

तिथे आमच्यासारखे आम्ही एकटेच असू, असा आमचा समज होता. तोही पहिल्याच आठवड्यात मोडला. जोडी महाराष्ट्राशी असल्यामुळे त्या विद्यालयात तिसरी भाषा म्हणून मराठी शिकवत. गंगेच्या मैदानातल्या एका खेड्यात, सहावी-सातवीची बिहारी पोरं एका सुरात मराठी कविता म्हणतायत आणि ‘ळ’ला अडखळतायत, हे मी दारात उभा राहून ऐकलं. शिकवणाऱ्या मॅडम विदर्भातल्या. आम्ही आल्यावर सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला. दर रविवारी त्या आम्हाला क्वार्टरवर बोलावत आणि पिठलं खाऊ घालत. आम्हाला वाटायचं त्या आमची काळजी घेतात. आता माझ्या लक्षात येतं, त्यांनाही मराठीत भांडायला कुणीतरी हवं होतं.

वर्षाने परतलो तेव्हा मी स्वतःला ‘हम’ म्हणत होतो. आईने विचारलं, ‘हम म्हणजे अजून कोण आलंय?’ आमच्या शाळेत आलेली बिहारी पोरं तोवर पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि ‘काय रे’ शिकून गेली होती. त्यांतला एक माझ्या रिकाम्या बंकवर वर्षभर झोपला होता. पेटीच्या झाकणात आतून त्याने खडूने पत्ता लिहून ठेवला होता. आमचा पत्रव्यवहार तिथून सुरू झाला. प्रत्यक्ष भेट कॉलेज संपल्यावर झाली.

2008 च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबई परिसरात मारहाण झाली. त्या संध्याकाळी माझ्या बंकवर झोपलेल्या त्या मित्राचा फोन आला. तो तेव्हा ठाण्यात नोकरीला होता. ‘मराठीत बोललो, सुटलो,’ एवढंच त्याने सांगितलं, तेही मराठीत. मी ज्या मित्रमंडळीत तेव्हा वावरत होतो, तिथे भैय्यांवर विनोद चालायचे. मला ते हसू कधी जमलं नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. ज्याच्या जागेवर आपण झोपलो आणि जो आपल्या जागेवर झोपला, त्याच्याबद्दल तिसऱ्याचं मत फारसं उपयोगी पडत नाही, एवढंच. माझ्या बॅचमध्ये स्थलांतरात गेलेले आणि न गेलेले यांच्यात हा फरक मला अजून जाणवतो. न गेलेले काही वाईट नाहीत. पण राजकारणावर बोलणं निघालं की कोण नववीला कुठे होता, ते सहसा ओळखता येतं.

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि ती त्यांनीच लिहायला हवी. मी ऐकलेली थोडी सांगतो. आमच्या वेळी खेड्यातली मुलगी सातवीनंतर पुढच्या गावच्या हायस्कुलात जाणार कशी, हाच मुळात प्रश्न असे. एसटी नाही, रस्त्यावर पोरं. नवोदयला कुंपण होतं, मेट्रन होत्या, शिवाय खर्च नव्हता, म्हणून बापाने हो म्हटलं. शिक्षणापेक्षा कुंपणाने काम केलं, असं आमच्यातलीच एक म्हणते. ती आज शासकीय रुग्णालयात अधिसेविका आहे. तिची दुसरी आठवण अशी, की पाळीच्या दिवसांत लागणारी पॅड साबण-तेलाबरोबर स्टोअरमधून सही करून मिळायची. घरी ज्या विषयावर आई कुजबुजत बोलायची तो विषय इथे रजिस्टरच्या रकान्यात होता. दहावीच्या सुट्टीत तिला पाहायला पाहुणे आले. तिने सांगितलं, मला परत जायचंय, अकरावीचं नाव लागलंय आणि न गेल्यास सरकारला कळवावं लागतं. असा कुठलाही नियम नव्हता. पाहुणे मात्र सरकारचं नाव ऐकून उठले.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि मेळाव्यातल्या हशात ती बुडून जाते. रॅगिंग होतं. सातवीतल्याने बारावीतल्याचे कपडे धुणं हा रिवाजच होता. मार इतका रोजचा होता की आम्ही त्याच्या नकला करून हसायला शिकलो. घरची आठवण येऊन रात्री रडणाऱ्याला आम्हीच नावं ठेवली. एक मुलगा सहावीतच दोनदा कुंपण ओलांडून पळाला, दोन्ही वेळा आणला गेला, तिसऱ्यांदा त्याचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. त्याचं पुढे काय झालं, ते आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. 2018 च्या अखेरीस माहितीच्या अधिकारातून आकडा बाहेर आला, की 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत 49 मुलांनी आत्महत्या केल्या. त्यांत निम्म्याहून अधिक मुलं दलित आणि आदिवासी होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सरकारला नोटीस काढली, त्यानंतर समुपदेशक नेमण्याची भाषा सुरू झाली. आमच्या ग्रुपवर ती बातमी कुणीतरी टाकली. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ असं लगेच तिघा-चौघांनी लिहिलं. आमच्या वेळी मोजलं नव्हतं, इतकंच आपण म्हणू शकतो.

दहा वर्षांच्या पोराला घरापासून तोडणं हा निवासी शाळेचा पाया आहे, अपघात नव्हे. तोडल्यामुळेच ते पोर घंटेला, हाउसला, मित्रांना धरतं. त्यातून आमची घट्ट दोस्ती झाली, हे खरं. पण त्या सात वर्षांत घरी जे घडलं त्यात आम्ही नव्हतो. विहीर खोदली तेव्हा नव्हतो, धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला तेव्हा नव्हतो, आजा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं. सुट्टीत घरी गेलो की आई पाहुण्यासारखं वाढायची. बैल कोणत्या बाजूला जुंपायचा हे धाकट्या भावाला माहीत आणि मला नाही. वडील म्हणायचे, राहू दे, तू अभ्यास कर. त्या वाक्यात अभिमान होता आणि मला शेतातून मोकळं केल्याची खूणही होती. ती खूण मला फार उशिरा वाचता आली. आज सातबारावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत आणि शेतीचा निर्णय घेताना तो मला फोन करतो, तो केवळ रीत म्हणून.

आमच्या बॅचमधले किती जण जिल्ह्यात राहिले, याचा हिशेब एकदा मेळाव्यात गमतीत झाला. एका टेबलाभोवती मावले. दोघे शिक्षक, एक वकील, काही जण तालुक्याला दुकानदार, आणि एक शेतकरी. बाकी पुणे, मुंबई, बंगळूर, लष्कर, थोडे अमेरिकेत. आता तर वाट अधिकच सरळ झाली आहे. मोहनीश पाबराई यांच्या दक्षणा फाउंडेशनने 2007 पासून नवोदयची मुलं निवडून त्यांना आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेशासाठी तयार करायला सुरुवात केली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात त्यांचं मोठं आवार आहे. त्यातून शेतमजुरांची, गवंड्यांची पोरं आयआयटीत गेली. हे काम मोलाचं आहे, आणि त्या पोरांना जिल्ह्यात परत या असं सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. मी स्वतः पुण्यात राहतो. देशभरात आज साडेसहाशेवर नवोदय विद्यालयं आहेत. त्यांतून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातली ऐंशीपर्यंत हुशार पोरं अशी उचलली जातात. पाचवीच्या वर्गातली जी उरतात, त्यांच्यातून सरपंच होतात, सोसायटीचे चेअरमन होतात. गावाचा कारभार कबड्डीत आम्हाला हरवणाऱ्यांकडे गेला. सगळ्यांचं त्यात वाईट झालं असं नाही, काही गावं उत्तम चालली आहेत. पण धोरणाच्या कागदावर हे लिहिलं नव्हतं.

एक गोष्ट आणखी. आमच्यातल्या फार कमी जणांनी आपली मुलं नवोदयला पाठवली. शहरात राहणाऱ्यांच्या मुलांना संधी तशी थोडीच, आणि जिथे होती तिथेही आम्ही कारणं सांगितली. मुलगा हळवा आहे, आजी ऐकत नाही, आता चांगल्या शाळा जवळ आहेत. मेळाव्यात माईकवर ‘नवोदय नसतं तर मी कोण असतो’ म्हणून गळा दाटलेल्या मित्राला मी खाली उतरल्यावर विचारलं, पोराचा फॉर्म भरला का? तो म्हणाला, ‘छे रे, दहा वर्षांचं आहे ते.’

बॅचमधल्या त्या एकुलत्या शेतकऱ्याच्या मुलीचं नाव मात्र मागच्या खेपेला यादीत लागलं. त्याने रात्री ग्रुपवर निकालाचा फोटो टाकला आणि विचारलं, ‘पाठवू का?’ सकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला होता. पेटीला दोन कुलपं दे, एक हरवतंच. कपड्यांवर नाव दोऱ्याने घाल, शाई धुतली जाते. पहिल्या महिन्यात भेटायला जाऊ नकोस, गेलास तर ती मागे लागेल. खालचा बंक घ्यायला सांग, वर पंखा लागतो. शेंगदाण्याची चटणी जास्त दे, वाटायला लागते. अधिसेविका मैत्रिणीने औषधांची यादी टाकली. पाठवू का, याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. त्याने जुलैत तिला पोचवलं, पेटीला दोन कुलपं लावून. पोरगी रमली आहे म्हणतो. नववीला स्थलांतराची चिठ्ठी निघाली तर काय करायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. बायको आत्तापासूनच नाही म्हणते आहे, आणि पोरगी विचारते आहे की बिहारला जाताना कोणती गाडी लागते.